भिंतीवरचं एकच नाव

बुधवारी दुपारनंतर दुकान बंद असतं, म्हणून धाकटीने बुधवार निवडला. तसा निवडायला दुसरा दिवसही उरला नव्हता. नगरभवनासमोरच्या दगडी भिंतीवरची, युद्धात लढलेल्यांची नावं नव्याने कोरायला घेतली होती, आणि ज्यांना त्यात भर घालायची असेल किंवा दुरुस्ती सुचवायची असेल त्यांनी पुराव्यासह आज पाचच्या आत यावं, अशी सूचना महिनाभर तिथे लटकत होती. धाकटीच्या हातात युद्धदप्तरातलं पाकीट पडलं ते मंगळवारी संध्याकाळी. चौदा महिने, तीन स्मरणपत्रं, फोनवर एकदा कडाक्याचं भांडण, आणि मग ऐन वेळी हे जाडजूड प्रकरण.

पन्नाशी उलटली तरी घरात ती धाकटीच. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तिच्या हाताखाली सहा माणसं होती आणि सहाच्या सहा तिला टरकून असायची, पण दुकानामागच्या या खोलीत पाऊल टाकलं की दादा तिला स्टूल पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, "बस, कशाला हात लावू नकोस." चामड्याचा आणि सरसाचा वास, भिंतीला टेकलेली दोन शिलाई यंत्रं, मधोमध कातरकामाचं लांबलचक टेबल. आज ते टेबल पुसून रिकामं केलं होतं. त्याच्या एका टोकाला बाबा बसले होते, सत्याहत्तर वर्षांचे, हातात उगाचच एक जुना बूट आणि फडकं. दुसऱ्या टोकाला आत्या.

आत्या म्हणजे सख्खी नव्हे. बाबांच्या वडिलांचा आणि तिच्या वडिलांचा आजा एकच, म्हणजे ते दोघे सख्खे चुलतभाऊ. त्या नात्याने ती बाबांची बहीण आणि यांची आत्या. ब्याऐंशी वर्षांची, काठी घेऊन दोन चौक चालत आलेली. रिक्षा पाठवतो म्हटलं तर "मी काय लग्नाला येतेय?" म्हणून फोन ठेवला होता.

"आधी चहा, मग युद्ध," वहिनी म्हणाली आणि तिने ट्रे टेबलावर आदळला. वहिनीला या घरात येऊन सव्वीस वर्षं झाली होती. या घराण्याचं एक कोडं तिला अजून सुटलं नव्हतं, आणि ते ती दर दोन-चार महिन्यांनी सगळ्यांना ऐकवायची. "एकाच घरात दोन पोरांना एकच नाव ठेवताना तुमच्या लोकांची बुद्धी कुठे गेली होती?"

बुद्धी जागेवरच होती. हट्ट जास्त झाला होता. हे दुकान ज्याने काढलं त्या पणजोबांच्या बापाला दोन मुलगे. दोघांच्याही बायका एकाच वर्षी बाळंत झाल्या, तीन महिन्यांच्या अंतराने, आणि दोघींनीही पहिल्या मुलाला सासऱ्याचंच नाव हवं म्हणून पाय रोवले. म्हातारा खुशीत होता. तो म्हणाला, ठेवा की दोघांना, माझं नाव आहे, पुरेल. झालं. शाळेच्या हजेरीत एक नाव दोनदा, दवाखान्यात दोनदा. दुकानात मात्र म्हाताऱ्याने स्वतःपुरता मार्ग काढला. घरातल्या प्रत्येक माणसाच्या पायाचा लाकडी साचा तो करून ठेवायचा. या दोघांच्या साच्यांवर नाव लिहून उपयोग नव्हता, म्हणून त्याने थोरल्याच्या साच्याच्या टाचेत पितळेचा एक खिळा ठोकला आणि धाकल्याच्या टाचेत दोन. तेव्हापासून घरात ते एकखिळ्या आणि दोनखिळ्या.

एकखिळ्या म्हणजे धाकटीचे आजोबा. दोनखिळ्या म्हणजे आत्याचे वडील. युद्ध लागलं तेव्हा दोघे एकाच दिवशी एकाच रांगेत उभे राहून भरती झाले. एकखिळ्या परत आले, चाळीस वर्षं याच टेबलाशी बसले, आणि त्यांचं नाव भिंतीवर कोरलं गेलं. दोनखिळ्या आले नाहीत. त्यांच्याऐवजी घरी आले ते दोन लष्करी शिपाई; भर दुपारी, शेजारीपाजारी बघत असताना, त्यांनी माळ्यावरच्या गाद्या उलट्यापालट्या करून पाहिल्या आणि चार वर्षांच्या आत्यासमोर तिच्या आईला विचारलं, नवरा लपूनछपून येऊन गेला का? त्या दिवसापासून लोक त्या घराला पळपुट्याचं घर म्हणायला लागले.

आत्याला एवढंच हवं होतं. मरायच्या आधी बापाचं नाव भिंतीवर. नाही तर, का नाही, ते एका धड कागदावर.

"वाच," आत्या म्हणाली. "गोड करून वाचू नकोस. तू रिपोर्ट वाचतेस तसं वाच."

धाकटीने पहिलं कार्ड समोर धरलं. "क्रमांक चारशे अकरा. हे आपले आजोबा. दुकानात चौकटीत लावलेल्या मुक्ततापत्रावर हाच क्रमांक आहे. भरती, प्रशिक्षण, नदीवरची लढाई. तिथे एक ओळ आहे, 'बेपत्ता', ती खोडलीय आणि वर लिहिलंय, 'हजर'. पुढे युद्ध संपेपर्यंत नोकरी, सन्मानाने मुक्त."

"माहिती आहे," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता, आणि तो लपवायचं त्याला काही कारणही नव्हतं.

"क्रमांक चारशे बारा. आत्याचे वडील. भरती, प्रशिक्षण, नदीवरची लढाई. मग... 'तुकडी सोडून फरार.' त्यापुढे कोरं."

आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. तिने स्वतःला या ओळीसाठी कित्येक वर्षं तयार केलं असावं, कारण तिचा चेहरा जराही हलला नाही. तिने फक्त काठी हातात घेतली.

"बरं," ती म्हणाली. "कळलं. येते मी."

"आत्या, बस गं," दादा एकदम मऊ झाला. दादा मनाने वाईट नव्हता. स्वतःची बाजू वरचढ ठरली की तो तर फारच चांगला असायचा. "त्यात तुझा काय दोष? तरणी पोरं होती. घाबरला असेल माणूस. आता हा विषय आपण इथेच मिटवू, परत कोणी काढायचा नाही. मी तुला सोडून येतो."

"कोणी कुठे जाणार नाहीये," धाकटी म्हणाली. "पाकीट संपलेलं नाही."

तिसरा कागद तिने बाहेर काढला. हा कागद तिने सकाळी प्रयोगशाळेतल्या खणात टाकून कुलूप लावलं होतं. अकरा वाजेपर्यंत ती कामात होती, आणि अकरा वाजता आपण काय केलं हे तिचं तिलाच सहन होईना. आजोबांनी तिला कात्री धरायला शिकवलं होतं. मुलीने दुकानात बसायचं नाही असं सगळे म्हणत असताना तिला या टेबलावर चढवून बसवणारा तो एकच माणूस. तिने कुलूप उघडलं, कागद पर्समध्ये टाकला आणि उरलेला दिवस रजा टाकून निघाली.

"आमच्याकडे एक पद्धत आहे," ती म्हणाली. "रिपोर्ट विचित्र आला की आम्ही रक्तावर शंका घेत नाही. आधी नळीवरची चिठ्ठी बघतो. रक्त खोटं बोलत नाही, चिठ्ठी चुकीच्या नळीवर लागते. इथे दोन माणसं, एक नाव, एक गाव, लागोपाठचे क्रमांक. मी म्हटलं, चिठ्ठी बघू. म्हणून मी कार्डांबरोबर तुकडीच्या रोजच्या नोंदवहीच्या नकलाही मागवल्या. कार्डं मागाहून कचेरीत बसून भरलेली असतात. वही त्या त्या दिवशी जागेवर लिहितात."

"मुद्द्यावर ये," दादा म्हणाला.

"नदीच्या दिवशी वहीत दोन ओळी आहेत. एक 'बेपत्ता', एक 'फरार'. दोन्हीकडे तेच नाव, आणि दोन्हीकडे क्रमांक लिहिलेलाच नाही. कोण बेपत्ता आणि कोण फरार, हे वहीवरून कळत नाही. क्रमांक नंतर कुणीतरी आपल्या मनाने टाकलेत."

आत्या उठता उठता पुन्हा खाली बसली.

"आणि अकरा आठवड्यांनी ही नोंद आहे. मी शब्दन् शब्द वाचते. 'फरार शिपाई स्वतःहून परत आला. अठ्ठावीस दिवस कैद, नंतर कामावर.' पुन्हा नाव तेच, क्रमांक नाही. त्यानंतर युद्ध संपेपर्यंत तुकडीच्या प्रत्येक यादीत त्या नावाचा एकच माणूस आहे. एकच."

वहिनीने कप खाली ठेवला. तिला हिशेब लागायला वेळ लागत नसे. "म्हणजे जो पळाला होता तो परत आला," ती सावकाश म्हणाली. "आणि जो परत आला..."

"तू गप्प बस," दादा म्हणाला.

"का गप्प बसू? घरी दोघांतला एकच आला ना?"

"मी म्हटलं गप्प बस!" दादाचा चेहरा लालबुंद झाला. तो बहिणीकडे वळला. "चौदा महिने याच्यासाठी घातलेस? आपल्याच आज्याला उकरून काढायला? ज्या माणसाच्या नावावर हे दुकान उभं आहे, ज्याचा फोटो तू स्वतः चौकटीत बसवून आणलास! अगं, सोपं आहे. पळाले ते आत्याचे वडील. परत आले तेही आत्याचे वडील. आणि मग कुठेतरी मेले असतील बिचारे, युद्ध चालू होतं. आणि आजोबा दुसऱ्या कंपनीत असतील, म्हणून यादीत दिसत नाहीत. तुझ्या नळीवर चिठ्ठीच नाही ना? मग तू तुझ्या मनाने का लावतेस?"

हे काही अगदीच टाकाऊ नव्हतं. धाकटीनेही रात्रभर हाच वकील स्वतःच्या बाजूने उभा करून पाहिला होता. बाबा फडक्याने बूट पुसत होते. तेच टोक, पुन्हा पुन्हा.

"चिठ्ठी नाही," धाकटी म्हणाली. "पण त्याच पानावर, खाली, कोठाराची नोंद आहे. तो माणूस अनवाणी परत आला होता. त्याला नवे बूट द्यायचे होते. दादा, हे तूच वाच."

"मी कशाला वाचू?"

"कारण मला त्यातलं काही कळत नाही. तुला कळतं."

दादाने कागद हिसकावून घेतला. नकलेवरचं अक्षर फिकट होतं. तो खिडकीशी गेला. पुटपुटत वाचायला लागला, तो रागाने, आणि मग आवाज हळूहळू उतरत गेला. "'अकरा नंबर. चवडा जादा रुंद. डाव्या पायाच्या अंगठ्याशी हाड बाहेर. साठ्यात बसेल असा जोड नाही. माप घेऊन करवून द्यावा.'"

वहिनीची नजर नकळत खाली गेली. दादाच्या चपला टेबलाखाली पडल्या होत्या, दोन होड्या किनाऱ्याला लागल्यासारख्या. या माणसाला आयुष्यात कधी दुकानातून तयार जोडा मिळाला नव्हता. अंगठ्याशी हाड बाहेर, ते बाबांचंही तसंच होतं.

धाकटीला वाटलं, आता हा कागद फाडणार. तो वळला आणि मागच्या भिंतीकडे गेला, जिथे घरातल्या चार पिढ्यांचे लाकडी साचे दोऱ्याला बांधून टांगले होते. वरच्या रांगेतून त्याने दोन जोड्या काढल्या, फुंकर मारून धूळ उडवली आणि टेबलावर ठेवल्या. मोजपट्टी घेतली. गरज नव्हती, आंधळ्यालाही दिसलं असतं. पण तो चांभार होता आणि डोळ्यांनी सांगितलेलं माप तो मानत नसे.

"दोन खिळे," त्याने छोटा साचा पालथा केला. "सहा नंबर. निमुळता. बायकी म्हणावा असा पाय." त्याने पट्टी दुसऱ्यावर लावली. डाव्या साच्याला अंगठ्याच्या बाजूला चामड्याचा तुकडा चिकटवून फुगीर केलं होतं. "एक खिळा. अकरा. जादा रुंद." त्याने पट्टी खाली ठेवली. "आजोबांचा आहे. तो अनवाणी आलेला माणूस आपले आजोबा होते."

आणि मग, जणू कोणी विचारलंच असावं, तो बहिणीला म्हणाला, "मापाबद्दल मी खोटं बोलू शकत नाही गं."

धाकटीला त्या क्षणी आपल्या भावाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आजवर कधी वाटला नव्हता.

आत्याने दोन खिळ्यांचा साचा जवळ ओढला. बापाची एवढीच वस्तू तिने आयुष्यात हातात धरली होती. तिने बोट टाचेपासून चवड्यापर्यंत फिरवलं. रडेल असं सगळ्यांना वाटलं. ती चिडली.

"दरवर्षी यायचा तो एकखिळ्या आमच्याकडे," ती म्हणाली. "शाळा सुरू व्हायच्या आधी. मला नवे बूट करून द्यायचा. खाली बसून माझं पाऊल कागदावर ठेवायचा, पेन्सिलीने रेघ मारायचा. बारा वर्षं. बारा वर्षांत एकदाही मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. मला वाटायचं, पळपुट्याच्या पोरीकडे कशाला बघेल हा. एवढा मोठा माणूस, भिंतीवर नाव असलेला." तिचा आवाज चढला. "बघायची छाती नव्हती त्याची! माझा बाप नदीत गेला, आणि हा माणूस त्याची अब्रू पायात घालून गावभर फिरला!"

"आत्या..." वहिनीने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"माझी आई ज्या रस्त्यावर हे दुकान आहे त्या रस्त्याने कधी गेली नाही. वळसा घालून जायची, उन्हात, डोक्यावर ओझं असलं तरी. तिला कोण सांगणार आता?"

दादाने पाण्याचा पेला आणून ठेवला. तो मान खाली घालून उभा राहिला. मग, स्वभावाला औषध नसतं, त्याच्या डोक्यात एक तोडगा आलाच.

"मी काय म्हणतो," तो हळूच म्हणाला. "ऐकून तर घ्या. भिंतीवर नाव एकच आहे. बरोबर? नुसतं नाव. क्रमांक नाही, खिळे नाहीत. ते आजपासून आत्याच्या वडिलांचं. आपण घरातल्या पाच जणांनी ठरवायचं. आत्या जाऊन फूल वाहू दे, हात लावू दे, माझा बाप म्हणू दे. आजोबांचं नाव मी मनातून काढून टाकतो. मग दप्तरात लिहून आणायची, गावाला कळवायची काय गरज आहे? कोणाचंच वाईट होत नाही."

तोडगा चांगला होता. वहिनीसुद्धा विचारात पडली. "तसं बघितलं तर..." ती म्हणाली आणि थांबली. दुकानावरची पाटी, चौकटीतला फोटो, लग्नाच्या वयाची मुलगी. बाईने काय काय तोलून पाहिलं असेल कोण जाणे. धाकटीलाही मोह झाला. आजोबा आजोबाच राहिले असते. घड्याळात सव्वाचार झाले होते. नुसतं गप्प बसलं तरी पाऊण तासात प्रश्न मिटला असता.

"आणि कार्डावर?" धाकटीने विचारलं.

"कसलं कार्ड?"

"चारशे बारा. तिथे 'फरार' तसंच राहील. उद्या आत्याचा नातू मागवेल, त्याचा मुलगा मागवेल. प्रत्येकाला तेच कार्ड येईल. चुकीची चिठ्ठी लागलीय हे मला कळलं आणि मी रिपोर्ट तसाच पुढे पाठवला, असं मी आजवर केलेलं नाही. घरच्यांसाठी करणार नाही."

"तुला आजोबांचं काहीच वाटत नाही का गं?"

"वाटतं," धाकटी म्हणाली, आणि आता मात्र तिचे डोळे भरले. "तुझ्यापेक्षा जास्तच वाटतं. पण मी आत्यासमोर बसलेय, आजोबांसमोर नाही."

तिने दुरुस्तीचा अर्ज टेबलावर उलगडला. सगळा भरलेला होता. रिकामी होती ती खालची एक चौकट: ज्या दुसऱ्या व्यक्तीच्या नोंदीत या दुरुस्तीने फरक पडतो, तिच्या जवळच्या वारसाची सही. मुलगा हयात असेल तर मुलाचीच. धाकटी कितीही पेटली असती तरी ही चौकट तिला भरता येणार नव्हती, दादालाही नाही. सगळ्यांच्या माना टेबलाच्या त्या टोकाकडे वळल्या.

बाबांनी बूट खाली ठेवला. फडक्याची घडी केली. दुपारपासून ते एक अक्षर बोलले नव्हते.

"दरवर्षी त्या भिंतीपाशी कार्यक्रम असायचा," ते म्हणाले. "युद्धातून वाचलेल्या लोकांना पुढे बसवायचे. आदल्या दिवशी बोलावणं यायचं, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या आजोबांना ताप असायचा. निरोप घेऊन मला पाठवायचे. सहा वर्षांचा असल्यापासून. मी धावत जायचो, सांगायचो, वडील तापाने फणफणलेत. घरी यावं तर ते इथे बसून टाके घालतायत. एकदा मी कपाळाला हात लावला. थंडगार."

"मग तुम्ही विचारलं नाहीत?" वहिनीने विचारलं.

"नाही. मोठा झाल्यावर विचारता आलं असतं. तेही वाट बघत होते असं मला कधीकधी वाटायचं. पण मी विचारलं नाही." ते आत्याकडे वळले. "मला ठाऊक नव्हतं, हे खरं आहे. पण काहीतरी आहे एवढं ठाऊक होतं, आणि ते काय हे कळू नये म्हणून मी जपलो. म्हणजे माझंही त्यात आलंच."

आत्या त्यांच्याकडे रोखून बघत राहिली. "तू माझ्यापेक्षा लहान," ती शेवटी म्हणाली. "तुझ्यावर मी कशाला चिडू? पण मी त्यांना माफ करेन असं समजू नकोस."

"तसं मी म्हणतच नाही."

"बाबा, नीट विचार करा," दादा म्हणाला. पण त्याच्या आवाजातला जोर गेला होता, आणि पेन पुढे सरकवलं तेही त्यानेच.

बाबांनी सही केली. मग ते उठले आणि पायात जोडे चढवू लागले.

"तुम्ही कुठे?" धाकटी म्हणाली. "मी देऊन येते ना. तुमच्या गुडघ्याला..."

"गुडघा माझा आहे," बाबा म्हणाले. "चल गं," हे आत्याला.

साडेचार वाजले होते. रिक्षा मिळाली नाही, म्हणून ते चौघे चालतच निघाले; बाबा आणि आत्या पुढे, दोघांच्या दोन काठ्या, धाकटी कागद छातीशी धरून मागे, तिच्या बाजूला दादा. वहिनी घर सोडून जाता येत नाही म्हणून थांबली आणि मग निम्म्या रस्त्यात धापा टाकत येऊन तिने त्यांना गाठलंच. भिंतीपाशी ताडपत्री लावली होती, छिन्नीचे टोले ऐकू येत होते. आत्या त्या बाजूला न बघता सरळ आत गेली.

खिडकीमागचा कारकून आवराआवर करत होता. पाचला बारा मिनिटं कमी. त्याने घड्याळाकडे पाहिलं, या वरातीकडे पाहिलं आणि सुस्कारा टाकून अर्ज घेतला. वाचता वाचता तो सावरून बसला.

"नाव तर भिंतीवर आहे," तो म्हणाला.

"ते दुसऱ्याचं आहे," धाकटी म्हणाली. "दोघे होते."

"म्हणजे तेच नाव दोनदा कोरायचं? लोक म्हणतील, चूक झाली."

"विचारू देत लोकांना," आत्या म्हणाली. "कोणी विचारलं तर माझ्याकडे पाठव."

कारकुनाने मान डोलावली आणि रकाने भरायला घेतले. "लढाईत मृत, म्हणजे नावापुढे चांदणी येईल. ही नोंद मागणारं कोण? तुम्ही, आजी? त्यांचं तुमचं नातं?"

आत्याने खिडकीच्या कडेला हात टेकला. ब्याऐंशी वर्षांत हा प्रश्न तिला पुष्कळांनी विचारला होता, आणि तिने प्रत्येक वेळी काहीतरी वेगळं, मोघम सांगून वेळ मारून नेली होती. मागे रांगेत चार-पाच माणसं उभी होती.

"मुलगी," ती म्हणाली, त्या चार-पाचांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "मी त्यांची मुलगी."

"आणि ही खालची सही? तुम्ही कोण?"

धाकटीला वाटलं, बाबा म्हणतील, चुलतभाऊ. ते खरंच होतं आणि तेवढं पुरलं असतं.

"दुसऱ्याचा मुलगा," बाबा म्हणाले. "जे पळाले होते, परत आले, आणि कोणाला बोलले नाहीत, त्यांचा."

कारकुनाचं पेन थांबलं. "आजोबा, रकाना लहान आहे. मी नुसतं 'मुलगा' लिहितो."

"नाही," बाबा म्हणाले. "बारीक अक्षरात लिही, पण सगळं लिही. आम्ही थांबतो."